शेळ्या आहेत, पण इथं नाहीत

सोमवार, १७ नोव्हेंबर
सकाळच्या गाडीने मिरजेहून कराड, पुढे वडापच्या जीपने निवारा शेडवर. डोंगर खचला तेव्हा उठवलेली वस्ती इथं पत्र्याखाली राहते. संस्थेने पहिला हप्ता शेळ्यांसाठी दिला होता. माझं काम एवढंच: शेळ्या आहेत का बघायचं, घरच्या बाईचा शेळीसोबत फोटो काढायचा, मोबाइलवर भरायचं. मग दुसरा हप्ता, गोठ्यासाठी.

पत्नी सुनंदा गेल्यावर घेतलेलं पहिलंच काम. घरात बसवत नव्हतं.

तिसऱ्या घरी लक्षात आलं. कपाळावर पांढरा ठिपका, डावा कान फाटका. शेळी तीच. मागच्या बोळातून घरोघर फिरवत होते.

एक म्हातारे म्हणाले, "आता सोडा की तिला. सकाळधरनं समद्यांच्या घरी पाव्हनचार घेतीया."

सगळे हसले. मी फोटो पुसून टाकले.

मंगळवार, १८
पुन्हा शेडवर. रागानेच गेलो. कालचं तिसरं घर शेवंताबाईंचं. विचारलं, शेळ्या विकल्या का?

"न्हाई ओ सायेब. हायेत की. फकस्त हितं न्हाईत."

भावाकडे अर्धलीने दिल्यात. सांभाळायच्या त्याने, पिल्लं निम्मी निम्मी. शेडच्या चारी बाजूंनी दुसऱ्यांचा ऊस. शेळी आत शिरली की भांडण. बांधायला जागा नाही. बऱ्याच घरांनी असंच केलंय.

"मग काल ती दुसऱ्याची कशाला दाखवली?"

"तुमी फोटूला शेळी पायजे म्हनला. दिली की आनून."



बुधवार, १९
सांगलीला संस्थेच्या ऑफिसात. मॅडमना सगळं सांगितलं. मोबाइलमध्ये पर्याय तीनच: आहे, विकली, मेली.

"काका, घरी नाही म्हणजे विकली."

म्हटलं, गोठा नाही म्हणून शेळ्या नाहीत, आणि शेळ्या नाहीत म्हणून तुम्ही गोठा देणार नाही. हे दोनदा सांगितलं. चहा आला. मॅडम दुसऱ्या फोनवर गेल्या.

शुक्रवार, २१
शेवंताबाईंच्या भावाच्या वाडीवर जाऊन आलो. चढ फार. शेळ्या बघितल्या, धडधाकट, एक गाभण. फोटो पाठवला. उत्तर लगेच: फोटोत लाभार्थी नाही, नामंजूर.

भावाला म्हटलं, एक दिवस खाली आणा.

"पोटुशीला टेम्पोत घालू व्हय? पिल्लू गेलं तर तुमचं ऑफिस देनार हाय का?"

सोमवारचा खोटा फोटो मात्र चालला असता. त्यात बाई होती, शेळी होती. हेच डोक्यात घेऊन खाली उतरलो.

शनिवार, २२
शेवंताबाईंना म्हटलं, तुम्हीच चला वाडीवर. एक फोटो, लगेच परत.

 वाडीची वाट खचलेल्या डोंगराखालून जाते.

"आमचं मालक अजून तितंच हायेत. घावलं न्हाईत. त्या वाटंनं मी जात न्हाई. ऱ्हाऊ द्या हप्ता."

आग्रह केला नाही. मी स्वतः मिरजेत एक थांबा आधी उतरून चालत घरी येतो. पुढे सुनंदा गेली ते हॉस्पिटल लागतं.

सोमवार, २४
ऑफिसला लेखी दिलं, अर्धलीचा चौथा पर्याय घाला म्हणून. मॅडम वाईट नाहीत. म्हणाल्या, "पटतंय हो काका, पण रचना वरून येते." वर कोण, ते त्यांनाही माहीत नाही.

बुधवार, २६
आज शेवटची तारीख. शेवंताबाईंच्या नावापुढे 'आहे' भरलं. फोटोशिवाय पुढे सरकत नाही. तिथंच गोल गोल फिरत राहतं.

मॅडमचा फोन. "'विकली' करा ना, मला आज पाठवायचंय."

म्हटलं, मी बघून आलोय, तसं लिहिणार नाही.

"मग दुसऱ्या कुणाला तरी पाठवावं लागेल." रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. तो दुसरा काय लिहील, सांगता येत नाही.

संध्याकाळी शेवंताबाईंचा फोन. आवाज मोठा, मागे पोरांचा गलका.

"सायेब, व्याली बरं का! दोन पिल्लं. दोनी माद्याच, पाटी. एक माजी! भरा की तेवढं मोबायलात."

"बरं," म्हणालो.

असं काही भरायला त्यात जागाच नाही. ते त्यांना सांगितलं नाही.

तांदूळ धुऊन कुकर लावला. शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभा राहिलो.