अस्वलाचा उजवा हात

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

मेहुण्यांचा गुडघा आता जिना चढू देतो का? लेकीचा खोकला थांबला? आणि तुझी पाठ? सात वर्षं टेबलाखाली वाकून काढलीस, ती आता बोलत असेल. तुझी वहिनी बरी आहे. मी ठणठणीत, दोन दाढा सोडून.

बातमी अशी, की टीव्हीवरचं आपलं बाहुलं-अस्वल निवृत्त होतंय. महिनाअखेरीस शेवटचा भाग. धुवायला घरी आणलंय. पोटात अजून आईच्या गादीचा कापूस, कान तुझ्या शाळेच्या स्वेटरचे. वहिनी म्हणते, "तुमच्यापेक्षा यालाच केस जास्त राहिलेत."

आठवतं? डोकं आणि डावा हात माझा, आवाज आणि उजवा हात तुझा. पहिल्याच टाळीला तुझा हात अस्वलाच्या नाकावर बसला आणि दिग्दर्शक ओरडला, "अस्वल पिऊन आलंय का?" मग तू युक्ती काढलीस. माझ्या पायावर पाय दाबायचीस, की टाळी.

तू गेल्यावर तो हात मी पोटाला शिवून टाकला. नव्या बाईंचा आवाज आधीच ध्वनिमुद्रित होऊन यायचा. एका चिमुरडीच्या आईने पत्र धाडलं होतं, "ती विचारते, अस्वल टाळ्या का वाजवत नाही? त्याचं पोट दुखतं का?" एकोणीस वर्षं ते पत्र माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यात आहे.

आता सांगतोच. तुझा आवाज थकला, असं वरून आलंय म्हणालो होतो ना? वरून काही आलं नव्हतं. दिग्दर्शकाच्या कानात मीच घातलं. बालवाडीतली पोरं आवाज ओळखून तुझ्या गळ्यात पडली, आणि एकाने मला विचारलं, "काका, तुम्ही खुर्च्या मांडता का?" एवढंच! घोड्याएवढा मी, तीन वर्षांच्या पोरावर रुसलो आणि राग तुझ्यावर काढला. वर नातेवाइकांत सांगत फिरलो, एका हाताने टाळी वाजत नाही. ती मी एकट्यानेच वाजवली गं.

काल टाके उसवले. हात मोकळा आहे, जरा आखडलाय. तो चालवायला तू नाही आलीस तरी पुन्हा शिवणार नाही. शेवटच्या भागात तसाच लोंबेल, मीही काही लपवणार नाही.

आलीस, तर पायावर पाय हवा तेवढा जोरात दाब. पण आधी दोन ओळी लवकर लिही. शिव्या असल्या तरी चालतील.

तुझी वाट बघणारा,
डाव्या हाताचा दादा