सोनबाची हजेरी

१२ जानेवारी १९३८, विंझर

भोरहून बैलगाडीत हाडं खिळखिळी! पण माणूस सापडला — सोनबा. सरकारच्या गुन्हेगार यादीतली जमात, म्हणून जन्मापासूनच चोर. सकाळ-संध्याकाळ चावडीवर हजेरी. आमचे प्राध्यापक अशा माणसांच्या डोक्यांची मापं घेतात. माझं म्हणणं, चोरी डोक्यात नसते, ती सुतारकामासारखी शिकावी लागते. प्रबंधासाठी मला फक्त एक शिकलेला चोर हवा!

१३ जानेवारी

सोनबा म्हणतो, कधी काही चोरलंच नाही. सगळेच असं म्हणतात! मी तोंड पाडून बसलो. त्याच्या बायकोने, ठकुबाईने, गुळाचा चहा दिला.

१४ जानेवारी

संक्रांत पावली! तिळगूळ खाऊन सोनबा बोलायला लागला. चोरी मामाने शिकवली म्हणे. कुत्र्याला आधी तीन दिवस भाकरी घालायची, बैलाच्या घंटेत गवत कोंबायचं. माझा सिद्धांत जसाच्या तसा! बोटं दुखेपर्यंत लिहिलं.

१७ जानेवारी

चोवीस चोऱ्या! वही संपली. निघताना त्याने एकच मागितलं. लेक पानशेतला दिली आहे. हजेरीपायी सहा वर्षांत तिच्या घरी एक मुक्काम नाही. "तेवढी हजेरी सोडवा, सायेब."

शब्द दिला. डॉक्टरेट मिळाली की माझ्या शब्दाला वजन येईल — सध्या सगळं वजन पोटातच आहे.

३ ऑक्टोबर, भोर

झालो डॉक्टर! परीक्षक खूश. बायको, कुंदा, म्हणते, मग आता माझी नाडी बघा. सोनबाची हजेरी बंद करावी म्हणून कचेरीत अर्ज दिला. सोबत प्रबंधही जोडला, म्हणजे कसं, छाप पडते.

२१ नोव्हेंबर

अर्ज नामंजूर. इसम लहानपणापासून चोरीत तयार झालेला, असं अर्जदाराच्याच प्रबंधात नमूद आहे, सबब हजेरी यापुढे दिवसातून चार वेळा.

जेवण गेलं नाही.

२३ नोव्हेंबर, विंझर

सोनबाला सांगितलं. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्या चोऱ्यांचं पुन्हा विचारलं, तर खाली बघत म्हणाला, "एकबी केली न्हाई, सायेब. तुमी येवढ्या लांबनं आलता, तोंड उतरलं व्हतं तुमचं. पाव्हण्याला रिकाम्या हातानं कसं धाडायचं?"

मला लाज वाटली. फार लाज वाटली.

२५ नोव्हेंबर, भोर

कचेरीत लिहून दिलं — चोवीसही चोऱ्या मी मनच्या रचल्या, सोनबाने काही सांगितलं नाही. विद्यापीठालाही तेच कळवलं. पदवी जाईल. सोनबाला लेकीकडे जाऊ द्या.