तुरीत हरवलेला धम्मानंद

मुक्काम चारठाणा, शाळेचा व्हरांडा

तीर्थरूप म्हणावं तर तू माझ्याहून दोनच महिन्यांनी मोठा, श्रीयुत म्हणावं तर तुझी तेवढी लायकी न्हाई. म्हणून धम्मानंदा, नुसताच जय भीम. पुण्यात गुडघा कसा हाय? सूनबाई माधवी जिना उतरू देती का, का अजून खिडकीतूनच फिरून येतोस? इकडं मी खुशाल. (म्हणजे दोन्ही टाचांना फोड, अन् पोटात अकरा केळी.)

आपली झरी ते वेरूळ पदयात्रा, जी आपण दोघांनी एक पिशवी अन् एक छत्री घेऊन सुरू केली, तिच्यात औंदा सहाशे बारा नावं हायेत. तवा गावोगावी कुत्र्यांशिवाय कुणी सामोरं आलं न्हाई. आता दर फाट्यावर मांडव, पोहे, केळी, अन् नको म्हणलं की बाया रागावतात. सगळी शिस्त मनिषा नावाची पोरगी बघती. तिनं मला विचारलं, आजोबा, पहिल्यांदाच आलात का? अन् गळ्यात 'नवीन सहभागी'चा बिल्ला अडकवला. ही यात्रा मीच काढली म्हणावं, तर साक्षीला तू कुठं होतास?

औंदा नियम असा, की प्रत्येकानं जोडीदाराचं नाव लिहून द्यायचं अन् मुक्कामाला एकानं दोघांची हजेरी द्यायची. माझ्या तोंडातून तुझंच नाव निघून गेलं. (तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो, एक फुकट्या सोडला न्हाई. अन् म्हातारपणी तुला पायाबिगर चालवायलोय.) चार दिवस बेस गेले. तुझी सतरंजी माझ्या शेजारी, तुझी खिचडी माझ्या पोटात. चालताना तुझ्याशी बोलायचो, तर लोकांना वाटायचं म्हाताऱ्याच्या कानात फोन हाय.

काल चारठाण्याच्या अलीकडं मनिषानं रस्त्यातच डोकी मोजली. सहाशे अकरा! जोड्या लावल्या तर कमी निघालास तू. झालं, यात्रा थांबली. पांढऱ्या कपड्यातली सहाशे माणसं तुरीत शिरली, विहिरीत डोकावून आली, भोंग्यावरून तुझ्या नावाचा गजर. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर मनिषा रडकुंडीला येऊन म्हणली, "आजोबा, तुमी हाका मारा, तुमचा आवाज वळखतील." मग बांधावर चढून मी बी वरडलो. पहिली हाक सोंग म्हणून मारली. दुसरी खरोखरची झाली. तिसरी निघालीच न्हाई. खरं सांगतो गड्या, एवढ्या माणसांत तुझ्यावाचून लय एकलं वाटायलंय.

शेवटी ठोकून दिलं, की तू गुडघा धरून पुण्याला पळालास. लोक तुला लय बोलले. मी बी दोन शिव्या घातल्या, शोभाव्या म्हणून.

तुझा,
आश्रुबा

ता.क. तू यायची काही गरज न्हाई. गुडघा सांभाळ.

आणखी ता.क. रविवारी दुपारी आमी मंठ्यात. पुण्याहून थेट गाडी हाय, चौकशी केली. (फोनवर तू 'बरं, बघू' म्हणून ठेवतोस, म्हणून हे पत्र त्याच गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतोय.) चालू नकोस, मांडवात खुर्चीवर बस.

शेवटचा ता.क. आज सकाळी मनिषाला सगळं खरं सांगितलं. ती हसली न्हाई. तुझं नाव रविवारपर्यंत ठेवते म्हणली. मग मात्र बिगरजोडीच्या म्हाताऱ्याला सामानाच्या टेंपोत बसवणार. धम्मानंदा, मला टेंपोत जायचं न्हाई रे.