गॅरेजसाठी लाल नळकांडं

१२ जानेवारी, रविवार

वास मला आला. दादा तर शेजारीच उभा होता!

खाली धावले. करवतीच्या मोटारीचा प्लग वितळून भिंतीवर ओघळलेला. दादाच्या कोपराजवळून धूर वर चाललेला. आणि तो खुर्चीचा पाय कापत होता, शीळ घालत. मी मेन बंद केला. करवत थांबली. शीळ चालूच.

"तुला वास नाही आला?"

"मला आता फुलं काय, गटार काय, सगळं सारखंच."

तो मोठा ताप येऊन गेला तेव्हापासून हे असं आहे. ताप गेला, नाक परत आलं नाही. मला माहीत होतं. पण आज पहिल्यांदा कळलं — तो खाली काम करतो तेव्हा त्याचं नाक वरच्या खोलीत असतं. प्रुफं तपासत बसलेलं. माझं.

१३ जानेवारी

सारखी खाली गेले. एकदा मीठ हवं म्हणून. मिठासाठी गॅरेजमध्ये कोण जातं?

दादा म्हणाला, "भित्री भागूबाई, स्टूल घेऊन इथंच बस. तिकीट लावतो."

१५ जानेवारी

तो आंघोळीला गेला तेव्हा गॅरेज नीट पाहिलं. इतके दिवस तिथे फक्त खुर्च्या दिसत होत्या. आज पेटणाऱ्या वस्तू दिसल्या. थिनरचा डबा, झाकण सैल. भुश्याची पोती. रंध्याच्या सालपटांचा ढीग, एखाद्या पक्ष्याने घरटं करावं असा. छताला टेकवलेल्या फळ्या — त्याच छतावर माझी खोली. समोरची बाई आवाजाची तक्रार करते म्हणून शटर कायम खाली ओढलेलं. राहिलं ते घरातल्या बोळात उघडणारं एकच दार. आणि दादाचं काम करायचं टेबल अगदी मागे, भिंतीला.

म्हणजे आग मध्ये लागली, तर तो मागे.

बंद कर म्हणू का? नाही म्हणणार. वहिनी गेली आणि तो इथे राहायला आला, तेव्हा कितीतरी महिने खिडकीत बसून होता. ताट पुढे ठेवलं की जेवायचा, उचललं की हात धुवायचा. मग मी गॅरेज रिकामं करून दिलं. कुणाची तरी मोडकी खुर्ची आली. ती दुरुस्त झाली त्या दिवशी त्याने स्वतःहून भाजी पुन्हा मागितली.

बंद करता येणार नाही. उघडं ठेवायची भीती वाटते. मध्ये काहीतरी हवं. आग विझवायचा सिलिंडर.

जेवताना विषय काढला. "आण," म्हणाला. "लाल नळकांडं भिंतीला लटकलं म्हणून तुला झोप लागणार असेल, तर तुझ्या खोलीत लटकव."

१८ जानेवारी, शनिवार

दुकानात गेलो, दोघे. दुकान बाईचं. बाई बोलकी.

"आत काय काय आहे?"

"लाकूड," दादा.

"थिनर," मी. "भुसा. पॉलिश. वायरी. हा."

"हा म्हणजे?"

"हा म्हणजे हा." दादाकडे बोट दाखवलं.

"त्याच्यावर चालेल असा सिलिंडर नाही बनत, ताई!"

मग तिने समजावलं. पाण्याचा नको, विजेच्या वायरी आहेत. गॅसचा साफ असतो, मागे काही राहत नाही. दादाचे डोळे चमकले. पण गॅस उडून जातो, लाकडात निखारा राहिला की पुन्हा पेटतं. शिवाय खोली कोंदट. "आगीबरोबर काकांचाही श्वास कोंडायचा." उरला पावडरचा. लाकूड, थिनर, वीज, सगळ्यावर चालतो. "घाण मात्र करतो हं. कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसते पावडर."

"मोटारीत जाईल," दादा म्हणाला. "रंध्यात जाईल. त्यापेक्षा जळलेलं बरं!"

बोलून मोकळा. मी तिथे उभी होते, याचं काही नाही.

बाईने मागच्या अंगणात नेऊन दाखवलं. पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या मुळाशी धरायची, मूठ दाबायची. आणि पाठ कायम दाराकडे. "विझतेय म्हणून पुढे पुढे जायचं नाही, काका. नाही विझली की टाकायचं आणि पळायचं."

दादाने सगळ्यात मोठा उचलला. "घ्यायचा तर हाच."

मला छोटा हवा होता. दोघेही माझ्याकडे बघायला लागले. ज्या बाईला मीठ आणतानाही आग दिसते, ती छोटा मागते! कारण सांगता येईना. इथे लिहिते. मोठा असला की तो आत थांबेल. विझवत बसेल. माझी खरी भीती आगीची नाही. आग लागल्यावर तो बाहेर येणार नाही, याची आहे. छोटा लवकर संपेल. संपला की निघावं लागेल.

बाईने विचारलं, "तुमच्यात घाबरट कोण?"

"ही काय," दादा म्हणाला.

"मग हिच्याच हाताला बसेल तो न्या. घाबरट माणूस वेळेवर पळतो."

माझ्या हाताला मधला बसला. तोच घेतला. पावडरचा. येताना दादा रिक्षात. मांडीवर नळकांडं, चेहरा कुणाचं तरी लेकरू धरायला दिल्यासारखा.

१९ जानेवारी

कुठे टांगायचा, यावरून भांडण.

"टेबलाजवळ. हात लांबवला की मिळेल."

"दाराजवळ. तो घ्यायला आलास की दारात असशील."

"म्हणजे आग मागे आणि बंब पुढे. आग रामेश्वरी..."

"सोमेश्वरी तर सोमेश्वरी! दाराजवळच."

मी ओरडले असणार. "बरं बाई, तुझ्या दाराजवळ," म्हणाला. खिळा ठोकून दिला.

२१ जानेवारी

आता तो रंग त्याला खुपतो. इतक्या सुंदर लाकडात हा लाल भोपळा! त्याच्यासाठी कपाट करतो म्हणाला. सिलिंडरला. कपाट.

मी हसले. तो हसला नाही. माप घेऊन मोकळा झाला होता.

२४ जानेवारी

कपाट होतंय. सागवानी. कोपरे एकमेकांत असे बसलेत की नख जात नाही. फार सुंदर. मला बघवत नाही.

"दादा, दार नको त्याला."

"दाराशिवाय कपाट म्हणजे नाकाशिवाय चेहरा."

मग स्वतःच्याच बोलण्याला खो खो हसला. मीही हसले. पण दार घट्ट बसतं. आज उघडून पाहिलं, दोन हात लागले. तसं सांगितलं. त्याने कडेने रंधा फिरवला, आता एका हाताने उघडतं. एवढं तरी झालं.

२६ जानेवारी

डोळे मिटून सराव केला. जिना, बोळ, दार, डावा हात कपाटाला, उजवा सिलिंडरला. पुन्हा वर. पुन्हा खाली. दादा पोट धरून हसत होता. "आंधळी कोशिंबीर एकटीच खेळतेस!"

"तूही कर."

"मला काय गरज? मी खालीच असतो."

मग विचारलं. विचारायचं नव्हतं. "लागली तर बाहेर येशील ना?"

तो पटाशीला धार लावत होता. "बघू."

"बघू म्हणजे?"

"अगं, माझं सगळं इथेच आहे. बघायला नको?"

मी इथे नाही. मी वर आहे. हे म्हटलं नाही. वर आले. तो गेला तर या घरात मला भागूबाई म्हणणारं कुणी उरणार नाही. एवढं साधं आहे.

३० जानेवारी

कपाटाला पॉलिश नको म्हणून मी हट्ट धरला. थिनर नको, स्पिरिट नको. ऐकलं! जवसाचं तेल लावतोय. फडक्याने चोळतो, पुसतो, वाळू देतो, पुन्हा चोळतो. मोटार बंद. करवत बंद. नुसता फडक्याचा आवाज. चिंध्यांचा बोळा करून भुश्याच्या पोत्यात टाकतो. घरभर तेलाचा गोडसर वास. त्याला येत नाही, म्हणून मी सांगितला — कसा आहे ते. त्याने लक्ष देऊन ऐकलं.

आज दिवसभर भीती वाटली नाही. किती दिवसांनी!

२ फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते.

दुपारी जेवत होतो, दोघेही वर. मला वास आला. आधी वाटलं तेलाचाच. मग नाही. ताट सरकवून धावले. मागून दादा — "अगं, काय झालं?" त्याचा गुडघा, तो जिन्यावर हळू.

बोळ. दार. आत धूर, छतापासून खाली उतरत होता. टेबलाच्या बाजूला भुश्याचं पोतं जळत होतं, वरच्या फळ्यांना ज्वाळा लागत होत्या. डावा हात कपाटाला. दार लगेच उघडलं. आत काही नाही! रिकामं. माझ्या बोटांना तेल.

तेल वाळेपर्यंत त्याने सिलिंडर काढून ठेवला होता. टेबलाखाली. मागे.

धुरातून तो लाल दिसत होता. मी गेले.

का गेले, ते अजून कळत नाही. दुकानातल्या बाईचं सगळं पाठ होतं. पाठ दाराकडे, पुढे जायचं नाही, पळायचं. मी पुढे गेले. सरपटत. सिलिंडर मिळाला, पिन ओढली, मूठ दाबली. पांढरं झालं सगळं. पोतं विझलं असं वाटलं. मग वरून फळ्या पेटल्या. मी नळी वर केली. दार कुठे आहे ते कळेना, आणि खरं सांगते, मी शोधतही नव्हते. मूठ दाबत होते. याचं काम वाचवायचं, एवढंच डोक्यात.

कॉलर धरून कुणीतरी ओढलं. दादा. गुडघ्यावर आलेला. "सोड ते! सोड!" मी सोडेना. त्याने माझी बोटं एकेक करून मुठीवरून काढली. बोळात आणून टाकलं आणि दार लोटून घेतलं. आत त्याच्या खुर्च्या, पटाश्या, रंधे. मागे वळूनही पाहिलं नाही त्याने. माझ्या चेहऱ्यावरची पावडर पुसत होता. "वेडी आहेस का? मेली असतीस. मेली असतीस!"

बंब आला. निम्मं वाचलं. माझ्या खोलीची जमीन काळवंडली, टिकली. बंबावरच्या माणसाने चिंध्यांबद्दल विचारलं. तेलात भिजलेली चिंधी कोंडून ठेवली की आपोआप तापते म्हणे. काडी लागत नाही, वायर लागत नाही.

वायरी, थिनर, मोटार — सगळ्यांना भ्यायले. तेलाला नाही.

५ फेब्रुवारी

दवाखान्यात जाऊन आले. छाती साफ आहे. दादा बाहेर बाकावर बसला होता. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मी सांगितलं, तर पुन्हा आत जाऊन त्यांनाच विचारून आला.

७ फेब्रुवारी

म्हटलं, खाली जाऊ या, काय वाचलं ते बघू. टेबल शाबूत आहे. पावडर पुसता येईल. मी मदत करते.

"राहू दे," म्हणाला.

दिवसभर माझ्या मागे. गॅस लावला की स्वयंपाकघराच्या दारात. जिन्यावर पाय ठेवला की — "कुठे चाललीस?"

९ फेब्रुवारी

दादाने गॅरेजला कुलूप लावलं. किल्ली मागितली, देत नाही.

"तू आत जाशील," म्हणतो.