डाव्या चाकाची वायर

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥
बेंबळी, १२ ऑक्टोबर

ती. स्व. कृष्णराज यांस,
आरोहीचा सा. न. वि. वि.

तुमच्या चौकीवर फोन लागत नाही, हे एका परीनं बरंच आहे. फोनवर तुम्हाला ठेवायची घाई असते, पत्र तरी पुरतं वाचाल.

इकडे सगळं ठीक, फक्त गाडीत एबीएसचा पिवळा दिवा लागलाय. गणपतीची सुट्टी संपवून तुम्ही गेलात, त्याच आठवड्यापासून. आत्यांनी, म्हणजे तुमच्या मातोश्रींनी, किल्लीच काढून घेतली. ब्रेकचा दिवा आहे, खेळ करायचा न्हाय, म्हणाल्या. घरात गाडी चालवणारी मी एकटी, आणि मला येळवशीच्या सणाच्या सुट्टीला तुम्हाला आणायला सोलापूर स्टेशनवर स्वतः यायचंय. माळावर तुमच्याकडून शिकताना शेजारच्या बानूबाईंची कडब्याची गंजी पाडली, ती काय उगाच?

सीट तुम्ही सरकवून गेलात तिथंच आहे. मी पाठीला उशी लावून बसते. पुढं घ्यायचं मन होत नाही.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू द्यावा.
आपली आरोही

—

चौकी, २ नोव्हेंबर

प्रिय सौ. आरोहीस,
स. न. वि. वि.

फौजेच्या ट्रकांखाली दिवस जातो, आणि घरची गाडी अशी पत्रातून तपासायची वेळ आली. उशीचं वाचून मात्र काम सुचेना.

आधी बघ, लाल दिवा लागतोय का. लागला तर गाडी हलवायची नाही. फक्त पिवळा असेल तर साधे ब्रेक चालतात, पण जोरात दाबला तर चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते. आईची भीती खोटी नाही. चालू केल्यावर दिवा विझतो का, मग स्टेअरिंग कुठल्या बाजूला वळवल्यावर लागतो, ते माळावर हळू चालवून बघ. त्या बाजूच्या पुढच्या चाकाच्या आतून एबीएसची एक बारीक काळी वायर येते. बॅटरीचा उजेड पाडून बघ, ओढू नकोस. गंजीपासून लांब राहा.

आईला दंडवत. रागावलीस तरी लिहीत जा.
तुझा कृष्णराज

—

बेंबळी, १८ नोव्हेंबर

ती. स्व. कृष्णराज यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आत्यांना वाचून दाखवलं, तेव्हा कुठं किल्ली मिळाली. लाल दिवा नाही. पिवळा सुरुवातीला विझतो आणि डावीकडे पूर्ण वळवलं की लागतो. डाव्या चाकाच्या आत बघितलं, तर ती वायर स्प्रिंगपाशी काळ्या दोऱ्यानं करकचून बांधलेली, दोऱ्यात बिब्बा. चाक वळलं की वायर ताणते. तिचं वरचं कातडं फाटलंय.

आत्यांना विचारलं. म्हणाल्या की, तुम्ही निघालात त्या पहाटे त्यांनीच तो बांधला. ज्या चाकानं लेकरू नेलं, त्याच चाकानं ते माघारी यावं, तवर दोरा सुटायचा न्हाय. दिवा ऱ्हाऊ दे लागलेला, तशीच हळूहळू जा, असंही म्हणाल्या. किल्ली काढून घेणाऱ्या त्या याच!

दोरा न सोडता वायर बदलता येत नाही. आता मी काय करू? चोरून कापता येईल, पण खरं सांगते, माझाही हात धजत नाही.

उत्तराची वाट बघते. उशीर लावू नये.
आपली आरोही

—

बेंबळी, ३ डिसेंबर

चि. कृष्णराज यास आईचे अनेक आशीर्वाद.

सूनबाईनं तुला सगळं कळवलंच हाय. जोरात ब्रेक दाबला तर गाडी घसरते, हे तुझं लिहिणं माझ्या डोक्यातनं जाईना. सोलापूरच्या रस्त्यानं आता उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात, आणि पोरगी एकटी जाणार. तुला आणायला मी तिचा जीव टांगावा का? ती बी माझंच लेकरू हाय.

काल आंघोळ करून म्याच खाली बसले आन् दोरा सोडला. गाठ लई घट्ट मारली होती, नखं मोडली. गुंडाप्पा मिस्त्रीनं नवी वायर बसवली, दिवा गेला. मग आरोहीनं मला शेजारी बसवून शाळेपर्यंत फिरवलं. तुझ्यापरीस नीट चालवते. उशी मी घरात नेली आन् तिला सीट पुढं घ्यायला लावली. रुसली, पण घेतली.

दोरा तुळशीत पुरला. आता तुला माघारी ओढणारं माझ्याकडं काही बांधलेलं ऱ्हायलं न्हाय, बाळा. तुझा तूच ये.

तुझी आई
कडूबाई