पोच मिळाल्याची पोच

तीर्थस्वरूप वहिनींना,

लांबूनच वाकून नमस्कार. (जवळ असते तर नुसते हात जोडले असते. माझी कंबर हल्ली अर्ध्यावर अडते आणि मग कोणाला तरी हाक मारावी लागते.) दादाचा गुडघा कसा आहे? त्याला सांगा, मलम गुडघ्याला लावायचं असतं, कपाटात ठेवून गुण येत नाही. तुमच्या कानांचं विचारत नाही. गेल्या रविवारी फोनवर तेच विचारलं होतं, तर तुम्ही "हो, जेवले" म्हणालात. दादाचं विचारलं, तर "तोही जेवला." मग शेजारचे गॅलरीत येतील इतक्या मोठ्याने मी विचारलं की नात परत कधी येणार, तर तुम्ही "बरं, ठेवते हं" म्हणून फोन ठेवूनही दिलात. मीही ठेवला. एके काळी आपण दोघी स्वयंपाकघरात बसलो की दादा बाहेरून विचारायचा, आज काही शिजणार आहे की नुसतंच बोलणार आहात. असो. म्हणून हे पत्र, आणि तेही ऐसपैस.

आमच्या पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात सध्या मोठी उलथापालथ चालू आहे. मी आवक-जावकच्या टेबलावर केस काळे होते तेव्हापासून बसते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आलेला प्रत्येक कागद आधी माझ्यापुढे येतो, मी त्यावर शिक्का मारते, आणणाऱ्याच्या हातात पोच देते आणि मगच तो कागद साहेबांचं तोंड बघतो. जाणारा कागदही माझ्याच हातून जातो आणि त्याची एक स्थळप्रत मागे राहते. पोच दिल्याशिवाय मी आजवर कागद घेतला नाही आणि पोच घेतल्याशिवाय सोडला नाही. (लग्नपत्रिका वाटायला आलेल्या माणसालाही मी पोच दिली होती. तो अजून मला बघून रस्ता ओलांडतो.) आता वरून फर्मान आलं की कागद बंद, सगळा पत्रव्यवहार ईमेलवर. ज्याला ब्राउझर उघडून ईमेल पाठवता येईल त्याने आपल्या टेबलावर राहायचं, ज्याला जमणार नाही त्याची रवानगी जुन्या फायलींच्या खोलीत. परीक्षा येत्या शुक्रवारी.

ही खोली पंपघराला चिकटून आहे. खिडकी एकच आणि तीही पंपाकडे उघडते. तिथे माणूस दिवसभर बोलला तरी समोरच्याला ऐकू जात नाही. (तुमची आठवण आली. रागावू नका.) शिवाय तिथे समोरचा असा कोणी नसतोच. माझं सध्याचं टेबल दारासमोर आहे, वहिनी. येणारा-जाणारा प्रत्येक जण दोन शब्द बोलून जातो, कोणी नळाला पाणी नाही म्हणून भांडून जातो, तेही मला चालतं. घरी गेल्यावर माझ्याशी बोलायला कुकर आहे आणि तोसुद्धा तीन शिट्ट्यांवर गप्प बसतो. टेबल गेलं तर माझं काय होईल याची मला धास्ती वाटते, हे तुमच्याजवळ लपवत नाही. ऑफिसात मात्र मी कपाळावर आठीसुद्धा आणली नाही.

शिकवायला एक बाई आल्या. चांगल्या माझ्याच वयाच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला, आवाज मऊ. त्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी "सोप्पंय" म्हणतात, म्हणून आम्ही त्यांचं नाव सोप्पंयबाई ठेवलं. ब्राउझर म्हणजे काय, तर म्हणे इंटरनेटवरची पानं बघायचं दार, सोप्पंय. वरच्या पट्टीत हव्या त्या पानाचा पत्ता घालायचा, सोप्पंय. एक पान उघडं ठेवून दुसरं उघडायचं असेल तर नवा टॅब घ्यायचा, सोप्पंय. इथे माझी पहिली गडबड झाली. आमच्याकडे प्रकरण निकाली निघून साहेबांची सही झाल्याशिवाय फाइल बंद करत नाहीत. माझं एकही प्रकरण निकाली निघालं नव्हतं, त्यामुळे मी एकही टॅब बंद केला नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वरचे टॅब इतके बारीक झाले की त्यांवरची नावं दिसेनात आणि कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. सोप्पंयबाई म्हणाल्या, बंद करा की. मी म्हटलं, सही आणा. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे नीट बघितलं. माझ्यासारखा नमुना आजवर त्यांच्या वाटेला आलेला नसावा.

मग पासवर्ड. तो कोणाला कळता कामा नये आणि हरवताही कामा नये, असं त्यांनी बजावून सांगितलं. आमच्या लेखापालांनी (त्यांना सगळं आधीपासूनच येत असतं) तो ठळक अक्षरात लिहून चिकटपट्टीने स्क्रीनलाच डकवला, म्हणजे हरवायला नको. मी असली बेफिकिरी करणारी नव्हे. आमच्याकडे कपाटांच्या जादा किल्ल्या जशा ठेवतात तसा मी पासवर्ड लिफाफ्यात घातला, लाखेने बंद केला, जोडावर सही केली आणि साहेबांच्या कपाटात ठेवायला दिला. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसले तर पासवर्ड आठवेना. लिफाफा फोडायचा तर नियमाप्रमाणे साहेब हजर हवेत आणि साहेब टाकीच्या तपासणीला गेलेले. तो अख्खा दिवस मी लेखापालांच्या स्क्रीनकडे बघत काढला. त्यांचा पासवर्ड मला आजही तोंडपाठ आहे, माझा अजून अधूनमधून निसटतो.

पण खरी कहाणी पुढेच आहे. शिकवणी संपत आली तशी मुख्यालयातून एक मेल आली. सगळ्या उपकार्यालयांना एकच मेल, मजकूर एवढाच की परीक्षा शुक्रवारी आहे, नोंद घ्यावी. माझी पहिली आवक! मी चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि पोच द्यायला सरसावले. खाली दोन बटणं होती, एक उत्तर देण्याचं आणि एक सर्वांना उत्तर देण्याचं. आता तुम्हीच सांगा, ज्या पत्राच्या प्रती सगळ्यांना गेल्या त्याची पोच एकट्यालाच देणं कोणत्या नियमात बसतं? मी सर्वांना उत्तर दिलं: "मेल मिळाली, ही पोच." आणि हात झटकून चहा मागवला.

चहा येईपर्यंत काय झालं असेल? प्रत्येक उपकार्यालयात माझ्यासारखंच कोणीतरी आवक-जावकवर बसलेलं आहे आणि आम्ही सगळे एकाच मुशीतले. त्यांच्या पेटीत माझी पोच आली. आलेल्या कागदाची पोच द्यायची असते. त्यांनी ती दिली, सर्वांना. मग प्रत्येकाच्या पेटीत बाकी सगळ्यांच्या पोचा आल्या. त्यांची पोच न देणं म्हणजे कामचुकारपणा. दिली. मीही दिली, वहिनी, खोटं कशाला सांगू, आलेल्या एकेका पोचेची पोच इमानदारीने देत होते आणि मनात म्हणत होते, लोक म्हणतात ईमेलमुळे काम कमी होतं, कुठे कमी होतं? दुपारनंतर मुख्यालयाची भंबेरी उडाली. त्यांनी सगळ्यांना एक तातडीची मेल पाठवली: कृपया कोणीही पोच देऊ नये. या मेलची पोच सगळ्यात आधी मीच दिली.

साहेबांनी आत बोलावलं. मुख्यालयाचा फोन नुकताच होऊन गेला असावा, कारण त्यांचा कान लाल होता. त्यांनी विचारलं की हे सुरू कोणी केलं. मी म्हटलं, मी केलं, आणि नियमाप्रमाणे केलं. त्यांनी डोक्याला हात लावला. (साहेब माणूस वाईट नाही. मला नोकरीला लागल्यापासून "बाई" म्हणतो, आवाज चढवत नाही.) म्हणाले, "बाई, शुक्रवारी मला तुमच्यासाठी काही करता येणार नाही. मुख्यालयाला आता तुमचं नाव माहीत झालंय." मी बाहेर येऊन टेबलावर बसले आणि टेबलावरून उगाचच हात फिरवला.

पण ऐका. दुसऱ्या दिवशी सोप्पंयबाई माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि आम्ही दोघी मिळून तो पोचांचा ढिगारा उपसायला लागलो. बहुतेकांत तेच एक वाक्य. मध्येच एक निघाली, टेकडीपलीकडच्या उपकार्यालयातली: "पोच. तुमची सही इतकी वर्षं लिफाफ्यांवर बघतो, तब्येत बरी आहे ना?" आणखी एक: "पोच. पुढल्या वर्षी निवृत्त होतोय, त्याआधी एकदा बोलू." एकीने तर लिहिलं होतं की या गोंधळात आज पहिल्यांदाच तिला ईमेलची भीती वाटली नाही. ज्यांचे नुसते शिक्के ओळखत होते ती माणसं अशी एकेक करून दारात येऊन उभी राहिली. मला हसू आलं आणि हसता हसता चष्मा काढावा लागला. सोप्पंयबाईंनी त्या वेळी सोप्पंय म्हटलं नाही, त्याबद्दल मी त्यांना कायम मानेन.

मग त्यांनी मला डावीकडची यादी दाखवली. ही आलेली, ही गेलेली, हा कच्चा मसुदा, ही केराची टोपली. मी बघतच राहिले. आवक! जावक! आणि पाठवलेल्या प्रत्येक मेलची स्थळप्रत आपोआप मागे राहते, कार्बन पेपर नको की काही नको. अहो, हे तर माझंच टेबल! कोणीतरी काचेच्या आत नेऊन मांडलंय, इतकंच. त्या दिवसापासून माझा हात सुटला. आता मला लॉगिन येतं, जाताना लॉगआउट येतं, नको ते टॅब सहीशिवाय बंद करता येतात, आणि कोणाला उत्तर द्यायचं व कोणाला नाही हे तर मी साऱ्या कार्यालयात सर्वांत नीट शिकले आहे. स्क्रीनवरचा बाण अजून थोडा भरकटतो, पण शेवटी बरोबर जागी जातो. मला वाटतं, वहिनी, जमेल मला.

दादाला नमस्कार आणि मलमाची आठवण. नातीला गोड पापा. उत्तराची घाई नाही, तब्येत सांभाळून सवडीने लिहा.

तुमची,
रविवारी फोनवर ओरडणारी नणंद

ता. क. उत्तराची घाई आहे. परीक्षा अशी की स्वतःच्या हाताने ऑफिसबाहेरच्या एका माणसाला मेल पाठवायची, सोबत काहीतरी जोडायचं, आणि त्या माणसाचं उत्तर शुक्रवारी आपल्या इनबॉक्समध्ये दाखवायचं. उत्तर नाही आलं तर पंपघर. म्हणून या पत्राच्या पानांचे फोनवर फोटो काढून ते मेलला जोडते आणि नातीने मागे तुम्हाला उघडून दिलेल्या पत्त्यावर पाठवते. तुम्ही फक्त उत्तराचं बटण दाबून "पोच" एवढंच लिहा. फोन करू नका. फोनवरचं जेवण परीक्षेत धरत नाहीत.

ता. क. २. लेखापालांनी बायकोचा पत्ता दिला आणि ती मेल आली की लगेच उत्तर दे म्हणून तिला तीनदा बजावलं. मलाही सगळ्यांनी हेच सुचवलं, कोणीतरी खात्रीचं माणूस द्या. तुम्ही ती पेटी उघडून बघता की नाही, मला माहीत नाही. तरीही मी तुमचाच पत्ता दिला. मला परीक्षेपुरतं कोणी नको होतं. मला तुमच्याशी बोलायचं होतं.

ता. क. ३. बुधवार, दुपार. घोटाळा झाला. सकाळी मेल पाठवली, त्यात लिहिलं "सोबत पत्र जोडले आहे," आणि जोडायचंच विसरले. परीक्षेत याला नापास म्हणतात. डोकं धरून बसले होते तोच इनबॉक्समध्ये एक ठळक ओळ उगवली. तुमची! ती इथे उतरवून ठेवते, स्थळप्रत म्हणून:

"वन्सं, पोच. सोबत काही नाही. इतकी वर्षं टपालात काढलीत आणि सोबतचा कागदच विसरलात? मी रोज सकाळी ही पेटी उघडून बघते, कोणी काही लिहीतच नाही. सगळे फोन करतात. माझे कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. पत्र पाठवा. मोठं पाठवा."

आता या पानाचाही फोटो काढते आणि सगळी पानं जोडून, दोनदा तपासून, पुन्हा पाठवते. शुक्रवारचं शुक्रवारी बघू. रविवारी फोन करणार नाही, लिहीन.