मामंजींचं आतडं बोललं

बुधवार, संध्याकाळ

मामंजींच्या पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टर रोज पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकतायत. म्हणाले, "हात लागला की आतडं काही दिवस गप्प बसतं. वारं सरलं की पाणी देऊ."

जठर अन्न घुसळतं, लहान आतडं त्यातला कस शोषतं, मोठं आतडं पाणी. इतकी वर्षं, न सांगता. आणि आम्ही भाजीच्या मिठावरून कुरकुरत राहिलो. त्या आतड्यांचं कोण ऐकायला गेलं होतं?

आज सरलं. सुनेसमोर साधी ढेकरही न देणारे मामंजी लाजून भिंतीकडं वळले. नवऱ्याचं नावही न घेणाऱ्या सासूबाईंनी मात्र गावाकडं करमाडला फोन लावून साऱ्या भावकीला सांगितलं, "सरलं बया, यांचं वारं सरलं."

मग डॉक्टरांच्या परवानगीनं मी मामंजींना चमचाभर पाणी पाजलं. घोट खाली उतरताना मला स्टेथोस्कोपशिवाय ऐकू आला.